पुढच्या सीटवरचं अत्तर

मंडळी, इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. खरं सांगू? निम्म्यांवर माझा विश्वास बसत नाही, आणि उरलेले वाचून झाले की मी उठून गॅस बंद आहे ना तेवढं बघते आणि झोपते. लखनौच्या एका शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. एकदा भर वर्गात एका मुलीच्या अंगात आलं. बाकीच्या टीचर हात जोडून उभ्या राहिल्या, मी तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि पुढचा धडा सुरू केला. अशी बाई मी. तेव्हा भुताबिताची अपेक्षा ठेवू नका. ही एका वासाची गोष्ट आहे. वासाची, आणि... लपवून काय करू... माझ्या जळफळाटाची.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. ह्यांची बँकेत नोकरी. बदली होऊन लखनौला आलो आणि इथलेच होऊन गेलो. नव्वदीच्या सुरुवातीला जानकीपुरममध्ये घर बांधलं. तेव्हाचं जानकीपुरम म्हणजे निम्मे प्लॉट ओसाड, रिक्षावाला यायलासुद्धा कुरकुर करायचा. शेजारचा प्लॉट ह्यांच्या एका मित्राचा होता, तो बाहेरगावी. त्याला विचारून ह्यांनी तिथं पत्र्याची शेड ठोकली. आमच्या घराला कंपाउंड व्हायच्या आधी ह्यांच्या गाड्यांना छप्पर झालं, यावरून काय ते समजा.

हो, गाड्यांना. ह्यांना जुन्या गाड्यांचा नाद. लोक म्हणायचे, तुमचे मिस्टर किती सज्जन हो, ना पान ना सिगरेट. सज्जन असणारच, वेळ कुठं होता दुसऱ्या कशाला! एक डुक्कर फियाट होती, गोल पाठीची. एक हेराल्ड, तिचं बॉनेट उलटं उघडायचं, काचेकडून पुढं. आणि तिसरी मॉरिस, जिच्यापायी हे सगळं झालं. ही चौक म्हणून जुन्या लखनौचा भाग आहे, तिथल्या एका खानदानी घरातून आलेली. इक़बाल मियाँ म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्या फूफीची, म्हणजे आत्याची गाडी. फिक्या हिरव्या रंगाची, वळायचं असलं की दाराशेजारून छोटासा हात बाहेर काढणारी. आणली त्याच दिवशी ह्यांनी तिचं नाव ठेवलं बेगम. बाकीच्या दोघींना नावं नव्हती हं. आणि मला तर लग्नात ठेवलेलं नाव ह्यांनी आजवर कधी हाकेला वापरलं नाही, 'अगं' म्हटलं की मी आलेच पाहिजे.

ह्यांचं पंचांग गाड्यांचं होतं. उन्हाळ्यात लू, म्हणजे इथला भाजणारा वारा, सुटली की शेडच्या पश्चिमेला गोणपाट बांधायचं आणि दुपारी त्यावर पाणी मारायचं, बॅटऱ्यांत पाणी घालायचं, टायर तापू नयेत म्हणून गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवायच्या. घरातला कूलर घरघर करून बंद पडला तरी त्याला हात लावायला ह्यांना सवड नाही. पावसाळ्यात दर रविवारी सगळी दारं उघडून आत वारा खेळवायचा, सीटखाली डांबरगोळ्या, पत्र्याला कुठं गंज दिसला की घास पॉलिशपेपर. आणि हिवाळ्यात... लखनौचा कोहरा तुम्ही पाहिला नसेल, अंगणातला नळ दिसत नाही... त्या थंडीत इंजिन गारठू नये म्हणून हे बॉनेटवर पांघरूण घालायचे. माझ्या आईनं हातानं शिवलेली गोधडी ह्यांनी बेगमच्या बॉनेटवर घातली. आईची गोधडी! मी बघितलं तेव्हा ती हळूच चारी बाजूंनी खोचत होते, लहान मुलाला निजवावं तसं. मी आत जाऊन कणीक अशी मळली की मुलगी म्हणाली, "मम्मी, परात तोड़ोगी क्या?"

आमची गौरी. जन्म लखनौचा, मराठी सगळं कळतं, पण उत्तर येणार हिंदीत.

आता खोटं कशाला बोलू, मलाही त्या गाडीत मिरवायला आवडायचं. रविवारी संध्याकाळी आम्ही हजरतगंजला फिरायला जायचो, इथले लोक त्याला गंजिंग म्हणतात. हे चालवणार, मी पुढं डावीकडे, गौरी मागे. लोक वळून वळून बघायचे. चौकात म्हातारे सलाम करायचे, आम्हाला नाही, गाडीला. मी पदर सारखा करून मान ताठ करून बसायची.

एक गोष्ट आधीच सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. ह्यांना वास येत नाही. सर्दीबिर्दी नाही, मुळातच येत नाही. लहानपणी आजोळी असताना टायफॉइड झाला, त्यातून उठले ते नाक गमावूनच. दूध करपून घरभर धूर झाला तरी हे शेजारी उभे राहून पेपर वाचतील. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला मी मोगऱ्याचा गजरा माळून समोर उभी राहिले, तर हे बघून म्हणाले, "फुलं छान पांढरी आहेत." मी हसले तेव्हा. पण आत कुठंतरी लागलं, ते लागलंच. बायकोचा वास माहीत नसलेला नवरा... असो.

तर बेगम आली थंडीत. पहिल्याच रविवारी मी पुढं बसले आणि मला वास आला. उबदार, जड, मेंदी आणि मसाल्याच्या डब्याच्या मधला कुठलातरी. वाईट नाही, उलट चांगलाच. मी म्हटलं जुन्या गाडीला असेल. घरी येऊन साडी घडी घालायला घेतली तर वास साडीला. धुतली तरच गेला. पुढच्या रविवारी परत तेच. फियाटमध्ये नाही, हेराल्डमध्ये नाही, बेगममध्येसुद्धा मागच्या सीटवर नाही. फक्त पुढं, डावीकडे. माझ्या जागेवर.

गौरीला मुद्दाम पुढं बसवलं. तिनं नाक वर करून हुंगलं आणि म्हणाली, "हाँ, कुछ तो है। मेहंदी जैसा।" आणि मग हसत, "पापा की गर्लफ्रेंड बैठती होगी।" कार्टीला काय जातंय बोलायला!

तुम्ही म्हणाल, बाई, एवढ्यावरून संशय? ऐका. हे रोज बँकेत स्कूटरनं जायचे, पण शनिवारी अर्धा दिवस, तेव्हा मॉरिस बाहेर काढायचे. आणि ह्यांच्या ब्रँचमधल्या एक मॅडम विकास नगरला राहायच्या, म्हणजे आमच्या वाटेवर. त्यांना हे लिफ्ट देतात हे मला ह्यांनीच सांगितलं होतं. मोकळेपणानं सांगितलं म्हणून मी तेव्हा काही मनात आणलं नव्हतं. आता आणलं. कारण असं बघा, दुसरा नवरा असता तर घरी यायच्या आधी खिडक्या उघडून वास घालवला असता. ह्यांना तर कळणारच नाही की मागे पुरावा राहिलाय! नाक नसलेल्या माणसाइतका सोपा चोर नाही. बँकेच्या एका समारंभात मी त्या मॅडमना गाठून चांगली मिठी मारून भेटले. त्यांना कंबरदुखीच्या बामचा वास येत होता. माझा संशय फिटायला हवा होता, पण नाही फिटला. मला वाटलं, असेल, समारंभाला मुद्दाम बाम लावून आली असेल.

मार्च संपता संपता तो वास गेला. मी हुश्श केलं. आणि ऊन तापल्यावर एका रविवारी गाडीत बसले तर... वाळा. थंडगार, माठातल्या पाण्यासारखा वाळ्याचा वास. म्हणजे पहिली गेली आणि दुसरी आली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सीटवर केस सापडतो का म्हणून मी भिंग घेऊन शेडमध्ये गेले. शाळेचं भिंग, प्रयोगशाळेतलं. एक केस सापडला, तो माझाच निघाला.

जुलैमध्ये वाळा गेला आणि ओल्या मातीचा वास सुरू झाला. गाडी शेडमध्ये, वरून ताडपत्री, काचा बंद, सीट हात लावून बघितली तर ठणठणीत कोरडी. आणि वास असा की आत्ता कुणी तापलेल्या अंगणात सडा टाकलाय.  आणि मग एकदम आठवलं, हे दर शनिवारी नर्सरीतून शेडभोवती लावायला रोपं आणतायत. झालं. तिसरी नर्सरीतली.

मी तडक शेडमध्ये गेले. हे हेराल्डखाली झोपून काहीतरी पिळत होते, फक्त पाय बाहेर. मी पायांनाच म्हटलं, "तिघी कोण आहेत ते आत्ताच्या आत्ता सांगा."

पाय थांबले. हे बाहेर आले, तोंडाला ग्रीस, आणि म्हणाले, तिघी कुठल्या? मी सगळं सांगितलं, थंडीतली मेंदीवाली, उन्हाळ्यातली वाळ्यावाली आणि ही चालू चिखलवाली. हे टायरवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, अगं, एकीचं ऐकता ऐकता नाकी नऊ येतात, तिघी कुठल्या पेलतायत मला! मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. हात पुसले, जवळ आले आणि गौरीची शपथ घेऊन सांगितलं की असं काही नाही. शपथ घेताना रडवेले झाले होते. मी विश्वास ठेवला... म्हणजे ठेवायचं ठरवलं. पण शांत झोप काही लागेना.

शाळेत माझी एक जवळची मैत्रीण होती, नसीम आपा. उर्दू शिकवायच्या, पिढ्यान्‌पिढ्या लखनौच्या. त्यांच्याशिवाय हे कुणाला सांगणार? त्या दुसऱ्याच दिवशी घरी आल्या, गाडीत माझ्या जागेवर बसल्या, दार लावून घेतलं, डोळे मिटले.  मग विचारलं, थंडीत कसा वास होता, उन्हाळ्यात कसा होता. मी सांगितलं. आणि त्या हसायला लागल्या.

"मिसेज़ जोगलेकर, कहाँ की तीन औरतें? ये तो एक ही हैं। जाड़े में हिना, गर्मी में ख़स, बरसात में मिट्टी। मौसम का इत्र लगाती हैं। बड़े सलीक़े वाली हैं।"

 आपल्याकडे अत्तर म्हणजे हळदीकुंकवाला मनगटाला लावायचं, सणासुदीला, आणि बाटली संपेपर्यंत तेच. ऋतू बदलला की अत्तर बदलायचं, थंडीत अंगाला ऊब देणारं, उन्हाळ्यात गारवा देणारं, हे मला सांगलीत कोण शिकवणार? आणि मातीचं अत्तर काढून बाटलीत भरतात हे तर मी पहिल्यांदाच ऐकत होते. इतके महिने मी एका बाईच्या तिघी करून बसले होते.

हायसं वाटायला हवं होतं ना? उलट जास्त जळले. तिघी असत्या तर ह्यांचं सैल वागणं म्हणता आलं असतं, त्यात माझं काही कमी नव्हतं. पण एकच, तीन ऋतू टिकलेली, आणि वर सलीक़ेवाली, रीतभात जाणणारी! मी बाराही महिने एकच पावडर लावणारी बाई. मुलांच्या वह्या तपासून बोटांना लाल शाई, पदराला फोडणी. मी आरशात बघितलं आणि त्या न दिसणाऱ्या बाईचा मला इतका राग आला म्हणून सांगू!

मग माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. म्हटलं, गाडी फूफींची. त्यांचं वर्षानुवर्षं अत्तरं लावून त्या सीटवर बसणं झालं असणार, आतल्या काथ्यात सगळी मुरली असणार. हवेतली आर्द्रता बदलते, तसा एकेक वास वर येत असेल. माझं मलाच पटलं. ह्यांना सांगितलं, सीट बदला. बिचारे लगेच आलमबागला घेऊन गेले. मी स्वतः बरोबर गेले, डोळ्यांत तेल घालून उभी राहिले. जुनं कव्हर, काथ्या, सगळं माझ्यासमोर उपसून काढलं. नवा फोम, नवं रेक्झिन. सांगाडासुद्धा घासून रंगवला. घरी आलो ते नव्या रेक्झिनच्या वासात, आणि तो घाण वास मला मोगऱ्यासारखा वाटला.

दसऱ्याला गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या, कुंकू लावलं. बेगमला मी स्वतः लावलं. मनात म्हटलं, झालं हं आता तुझं.

पहिला कोहरा पडला त्या रविवारी मी गाडीत बसले. हिना. गेल्या वर्षीपेक्षा जास्त.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार, आणि नाक कुठून आणणार ते! पण इक़बाल मियाँकडे बेगमची एक जुनी व्हीलकॅप राहिली होती, ती आणायला हे जानेवारीत निघाले, तर मी म्हटलं, मीपण येते. पुढं बसले. मोरपंखी रंगाची इरकली नेसले होते, जरा ठेवणीतली. त्या घरी आपण काही कमी दिसायला नको.

चौकाकडच्या गल्ल्यांमध्ये घर. दुपारचं ऊन अंगणात आलं होतं. हे आणि इक़बाल मियाँ बाहेरच्या खोलीत बसले, मला त्यांची बायको आत घेऊन गेली. अंगणात उन्हाला तख्त, म्हणजे लाकडी दिवाण, टाकलं होतं आणि त्यावर रजई पांघरून एक म्हातारी बाई बसल्या होत्या. गोऱ्यापान, नाकात बारीक हिरा, आणि कानाच्या वळीत अत्तराचा कापूस. याच फूफी. मला वाटत होतं त्या कधीच्या वारल्या असतील. गाडी विकली म्हणजे मालकीण गेली असंच मी धरून चालले होते. इक़बाल मियाँची बायको म्हणाली, कंबरेचं हाड मोडल्यापासून कितीक वर्षांत त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. आम्हाला गुलाबी कश्मीरी चहा देऊन ती आत गेली.

मी नमस्कार केला. त्यांनी हातानं जवळ बोलावलं. मी तख्ताच्या कडेला बसले. त्यांनी माझा पदर धरला, नाकाशी नेला आणि सोडून दिला.

"आप आगे बैठती हैं?"

 मी म्हटलं, "जी। हमारे मिस्टर की गाड़ी है।"

"हाँ बेटी," त्या म्हणाल्या. "सब यही कहती थीं।"

आवाजात राग नव्हता हो. असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी आपणहून सांगितलं, थांबत थांबत. लग्नात गाडी आली. पहिलं वर्षभर नवाबसाहेब, म्हणजे त्यांचे मिस्टर, त्यांना रोज संध्याकाळी फिरवायचे, गोमतीच्या काठानं. मग त्या सीटवर दुसऱ्या बसायला लागल्या. एक गेली की दुसरी. घरात सगळ्यांना माहीत होतं. रडणं, भांडणं त्यांच्या घरात बसत नव्हतं. त्यांनी इतकंच केलं. गाडी निघायच्या आधी स्वतः जाऊन त्या सीटला अत्तर चोळायचं. मौसम बदलला की अत्तर बदलायचं, पण एक दिवस चुकवायचा नाही. जी बसेल ती त्यांचा वास अंगावर घेऊन घरी जाईल.

"मर्द को क्या पता चलता," त्या म्हणाल्या. "जिसको पता चलना था, उसको चल जाता था।"

मी विचारलं, आता अत्तर कसं लावता? सीट तर नवी आहे, मी माझ्या डोळ्यांसमोर बदलून घेतली. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. कानातला कापूस काढून दोन बोटांत चुरला.

"हाथ नहीं पहुँचता, बेटी। जी पहुँचता है।" हात नाही, जीव पोचतो म्हणे.

चहा तसाच राहिला. मी उठले. परतताना गाडीत बसले तेव्हा घरून निघालेली ती मी नव्हतेच. वर्षभर मी हिला सवत समजून जळत होते, आणि हिच्या लेखी सवत मी होते! त्या सगळ्या बायांमधली एक. मी, मंगळसूत्र घालून, रीतसर लग्न करून आलेली! मला दया यायला हवी होती, नसीम आपांना तर सगळं ऐकून रडू आलं. मला नाही आली. मला इतकंच वाटलं की ही माझी जागा आहे आणि मी उठणार नाही. उलट त्यानंतर फियाट काढायची म्हटली की मीच म्हणायची, नको, बेगम काढा.

होळीच्या थोडं आधी इक़बाल मियाँचा फोन आला, फूफी गेल्या. हे भेटून आले. त्यानंतरच्या रविवारी मी गाडीत बसले आणि थांबले. हुंगलं. परत हुंगलं. नुसतं रेक्झिन. अत्तराचा मागमूस नाही. जिंकल्यासारखं वाटलं मला, आणि त्याची लाजही वाटली नाही. मी काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि अख्खं हजरतगंज तसंच फिरले.

आणि मग ऊन तापलं. हे नेहमीप्रमाणे गोणपाट बांधून, बॅटऱ्यांत पाणी घालून मोकळे झाले. संध्याकाळी आम्ही निघालो. गौरीची परीक्षा, ती घरी. मी माझ्या जागेवर बसले, ह्यांनी चावी लावली, आणि सुरू न करता तसेच बसून राहिले.

मी विचारलं, काय झालं, चोक ओढला नाही का?

ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. चेहरा असा झाला होता, गौरी जन्मली तेव्हा झाला होता तसा. हळू आवाजात म्हणाले, "अगं... वाळ्याचा वास येतोय. आजोळी माठात टाकायचे तसा."

मी श्वास घेतला. खोल घेतला. मला रेक्झिन, पेट्रोल आणि ओलं गोणपाट, इतकंच येत होतं.

ह्या माणसाला माझ्या मोगऱ्याचा वास आला नव्हता. गौरीच्या जावळाचा आला नव्हता. बाळंतपणात खोलीत धुरी घालायचे, तिचा आला नव्हता. माझ्या हातच्या पुरणाचा, नव्या साडीचा, माझ्या अंगाचा, केसांचा, कशाकशाचा म्हणून आला नव्हता. आणि हिचा आला. मेल्यावर आली आणि थेट ह्यांच्या नाकात जाऊन बसली!

हे डोळे मिटून हुंगत होते. पापण्या ओल्या झाल्या होत्या. मग माझ्याकडे सरकले, माझ्या खांद्याशी नाक आणलं आणि विचारलं, "तू लावलंस का काही?"

मी समोर काचेकडे बघितलं आणि म्हटलं, "हो. मीच."

हे बघा, त्यानंतर मी सगळं करून बघितलं. नाकाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी लवंग, कॉफी, स्पिरिट, काय काय नाकाखाली धरलं, ह्यांना काही म्हणजे काही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, नाक पूर्वी होतं तसंच आहे, वास येणं शक्य नाही. मी चौकातून खसचं अत्तर आणलं, मनगटाला लावलं आणि दिवाणखान्यात ह्यांच्या नाकाशी धरलं. नाही आला. मनगट धुवून, साबणानं घासून गाडीत बसले. हे म्हणाले, हं, आता येतोय. पावसाळ्यात म्हणाले, आज पहिल्या सरीसारखा वास आहे तुला. थंडीत म्हणाले, हा उबदार आहे, हा जास्त आवडतो. प्रत्येक वेळी मला फक्त रेक्झिन.

फियाट आणि हेराल्ड पुढं विकल्या. शेडच्या जागी मित्राचं घर उभं राहिलं, जानकीपुरममध्ये आज रिकामा प्लॉट शोधून सापडत नाही. बेगम मात्र आहे, आमच्या पोर्चमध्ये. ह्यांच्यानं आता हँडल मारवत नाही, तरी रविवारी एक चक्कर होते. गौरी म्हणते, पापा, अब तो बेच दो. हे ऐकत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही विकू देत नाही. नसीम आपा म्हणतात की फूफींनी जाता जाता तुम्हाला भेट दिली, तुमच्या मियाँना तुमच्याजवळ आणून बसवलं. असेल. किंवा जी जागा मी सोडत नव्हते ती तिनं अशी घेतली असेल. मी दोन्ही बाजूंनी विचार केला, मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, पण ह्यांना मात्र कुणी कळवू नका.

कारण परवासुद्धा गाडीत बसल्या बसल्या हे म्हणाले, "किती छान वास येतो गं तुला." पदर सारखा करून मी म्हटलं, हो, येतोच.